शाळा कोणी काढली, शिकलं कोण

१६ मार्च १९११ रोजी कलकत्त्याला केंद्रीय कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मुलांना शाळेत पाठवणं आईबापांवर बंधनकारक असावं, निदान जिथे स्थानिक संस्था त्याला तयार आहेत तिथे तरी, एवढीच त्यांची मागणी होती. विधेयकाचा साचा इंग्लंडच्या १८७० व १८७६ च्या आणि आयर्लंडच्या १८९२ च्या कायद्यांवरून घेतला आहे, हे त्यांनी स्वतःच नमूद केलं होतं. पुढच्या वर्षी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचं शिक्षण सुरू केलं होतंच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तो निर्णय घेतला. आपल्याकडे ही हकीकत बहुतेक वेळा इथवर सांगितली जाते.

पण गोखल्यांनी ज्या कायद्यांकडे बोट दाखवलं, ते तरी कुठून आले? गिरण्या, आगगाड्या, आरमार, अर्ध्या जगावरचा व्यापार हे सगळं असलेल्या इंग्लंडला गावोगाव शाळा पुरवण्याचा कायदा करायला १८७० साल का उजाडावं लागलं? शेजारच्या गरीब स्कॉटलंडने तर प्रत्येक पॅरिशमध्ये शाळेची इमारत आणि मास्तरचा पगार जमीनदारांच्या माथी मारणारा कायदा १६९६ सालीच केला होता. प्रशियात १७६३ पासून सक्ती होती, कागदावर का होईना. आणि स्वीडनमध्ये गावात शाळा नसताना गावंच्या गावं वाचायला शिकली होती. युरोपातल्या शिक्षणाचा इतिहास एका रेषेत पुढे जात नाही. तो अडखळतो, मागे फिरतो, एका देशात दीडशे वर्षं पुढे असतो आणि डोंगरापलीकडच्या देशात अजून सुरूही झालेला नसतो.

आपल्याकडे डी.एड.-बी.एड.ला हा इतिहास नावांच्या यादीसारखा येतो. कोमेनियस, रूसो, पेस्टालॉझी, फ्रोबेल, माँटेसरी: प्रत्येकाचा जन्म, ग्रंथ, तत्त्वं, आणि दोन गुणांचं उत्तर. वाचणाऱ्याला वाटतं, एका विचारवंताच्या हातून दुसऱ्याच्या हातात मशाल गेली आणि शाळा उजळत गेली. प्रत्यक्षातली शाळा म्हणजे धुराने काळवंडलेली एक खोली, धान्याच्या किंवा सरपणाच्या रूपात मिळणारी फी, कापणीच्या दिवसांत रिकामे पडलेले बाक, आणि पोटासाठी दुसरा एखादा धंदा करणारा मास्तर. हे पुस्तक त्या खोलीबद्दल आहे. विचारवंत यात येतात, पण त्या खोलीच्या दारातून येतात.

त्या खोलीचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येते आणि माझं सगळं म्हणणं तिच्याभोवतीच आहे. शाळा काढणाऱ्याला जे हवं होतं ते आणि शिकणाऱ्याने तिथून जे नेलं ते, या दोन गोष्टी क्वचितच जुळल्या. चर्चला पाद्री हवे होते, व्यापाऱ्यांना हिशेबनीस, राजांना आज्ञाधारक प्रजा, गिरणीमालकांना वेळेवर येणारे हात. मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी मात्र त्यातून आपल्याला हवं ते उचललं, आणि पुष्कळदा देणाऱ्याच्या मनात नव्हतं तेच उचललं.

सुरुवात शार्लमेनपासून करावी लागते. ७८९ साली त्याने फर्मान काढलं की प्रत्येक मठात आणि बिशपच्या ठाण्यात मुलांसाठी शाळा असावी. तिथे स्तोत्रं, गायन, पंचांगाचं गणित आणि व्याकरण शिकवावं. कारण सरळ होतं. पाद्र्यांचं लॅटिन इतकं बिघडलं होतं की प्रार्थना अशुद्ध म्हटल्या जात होत्या, आणि ईस्टरचा दिवस काढायला गणित लागत होतं. यॉर्कहून आलेला अल्क्विन हा या कामातला त्याचा मुख्य सल्लागार. खुद्द शार्लमेन उतारवयात अक्षरं गिरवायला बसला होता. उशीखाली पाट्या ठेवायचा, पण हात वळला नाही, असं त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो. पुढची अनेक शतकं या शाळांत मुलाच्या घरच्या भाषेला जागा नव्हती. शिकणं म्हणजे लॅटिन शिकणं, आणि लॅटिन म्हणजे दोनात व्याकरणकाराची चौथ्या शतकातली छोटी पुस्तिका तोंडपाठ करणं.

तरीही याच वाटेने गरिबाचं एखादं पोर वर चढून जाई. १० व्या शतकात ऑरियाक इथल्या मठात गर्बेर नावाचा एक सामान्य घरचा मुलगा शिकला, पुढे गणितासाठी कॅटालोनियात गेला, अरबांमार्फत आलेले आपले अंक त्याने तिथे पाहिले, आणि ९९९ साली तो पोप झाला. ११७९ च्या लॅटरन धर्मसभेने तर प्रत्येक कॅथीड्रलला बजावलं की गरीब विद्यार्थ्यांना फुकट शिकवील असा शिक्षक नेमा आणि शिकवण्याचा परवाना देताना पैसे घेऊ नका. असा ठराव करावा लागला, यावरूनच तेव्हा काय चाललं होतं ते कळतं.

आता एका अशा शाखेकडे येतो जी आपल्या पाठ्यपुस्तकांत जवळजवळ नसते आणि जिच्यावर मी जरा जास्त पानं खर्च केली आहेत: इटलीतल्या हिशेबाच्या शाळा. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, १२०२ साली गणिताचा मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याची सुरुवातच भारतीयांच्या नऊ अंकांनी व शून्याच्या खुणेने केली. त्या ग्रंथातून आणि व्यापाराच्या गरजेतून पुढे शहरोशहरी हिशेब शिकवणारे मास्तर उभे राहिले. फ्लॉरेन्सचा इतिहासकार व्हिलानी १३३८ च्या सुमाराची जी संख्या देतो ती अशी: वाचायला शिकणारी मुलंमुली ८ ते १० हजार, सहा शाळांतून हिशेब शिकणारी मुलं १,००० ते १,२००, आणि लॅटिन व्याकरण-तर्कशास्त्राकडे वळलेली ५५० ते ६००. हे आकडे फुगवलेले असावेत असं काही इतिहासकार म्हणतात. पण त्यांचं आपसातलं प्रमाण बोलकं आहे. हिशेबाकडे जाणारे लॅटिनकडे जाणाऱ्यांच्या दुप्पट आहेत.

या शाळा चर्चने काढल्या नव्हत्या, राजाने तर नाहीच. बाप फी भरायचा, मुलगा दहाअकराव्या वर्षी यायचा, साधारण दोन वर्षांत भागीदारीतला नफा कसा वाटायचा, एका शहराचं नाणं दुसऱ्या शहरात कसं मोडायचं, लोकरीच्या बदल्यात मिरी किती घ्यायची हे शिकून दुकानात जायचा. शिकवणं लॅटिनमध्ये नव्हतं, बोलीत होतं. मॅकियाव्हेलीच्या वडिलांच्या टिपणवहीत मुलाला १४८० साली हिशेब शिकायला घातल्याची नोंद आहे. व्यापाऱ्याचा हेतू इथे पेढीपुरता होता. पण पुढे बीजगणितात जी मोठी झेप इटलीत घेतली गेली तिची जमीन याच शाळांनी तयार केली. आपले अंक जगभर कसे गेले याचा अभिमान आपण बाळगतो. ते अंक युरोपात दहा वर्षांच्या मुलाच्या पाटीपर्यंत कोणी पोचवले हेही माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

१५२४ साली मार्टिन ल्यूथरने जर्मन शहरांच्या नगरसभांना उद्देशून एक पत्र छापलं. रस्ते, पूल, तटबंदी यांवर एवढा पैसा ओतता, मग मुलांसाठी एकदोन चांगले शिक्षक का नेमत नाही, असा त्याचा रोखठोक सवाल होता. मुलींनीही दिवसातून तासभर शाळेत जावं, असं तो म्हणतो. त्याला प्रत्येक माणसाच्या हातात बायबल द्यायचं होतं. मात्र जर्मन खेड्यांत त्याच्या हयातीत फार काही घडलं नाही, आणि या विचाराचं सगळ्यांत विलक्षण पीक आलं ते उत्तरेला, स्वीडनमध्ये.

स्वीडनच्या १६८६ च्या चर्च कायद्याने सांगितलं की प्रत्येकाने वाचायला शिकलं पाहिजे. शिकवायचं कोणी? आईबापांनी. गावचा पाद्री वर्षातून एकदा घरोघर किंवा वस्तीवस्तीत फिरायचा, घरातल्या नोकरचाकरांसह सगळ्यांना समोर बसवून वाचून घ्यायचा आणि ज्याला जसं येतं तशी खूण वहीत करायचा. ज्याला वाचता आणि प्रश्नोत्तरी सांगता येत नाही त्याला प्रभुभोजनाचा प्रसाद नाही, आणि त्याविना लग्नही नाही. अशा वह्यांच्या चळती आजही स्वीडनच्या अभिलेखागारांत आहेत. अठरावं शतक संपता संपता बहुतेक प्रौढ स्त्रीपुरुष वाचू शकत होते, आणि गावोगाव शाळा काढण्याचा कायदा आला १८४२ मध्ये. पण त्या वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, कारण चर्चला फक्त वाचणारा माणूस हवा होता. वाचणाऱ्याने देवाचं ऐकायचं असतं. लिहिणाऱ्याला स्वतःचं काही म्हणायचं असतं. चुलीपाशी बसून लेकरांना अक्षरं ओळखायला लावणाऱ्या त्या स्वीडिश आयांना शिक्षणाच्या इतिहासात फारशी जागा मिळालेली नाही. या पुस्तकात मी त्यांना एक पूर्ण प्रकरण दिलं आहे.

कॅथलिक बाजूने उत्तर दिलं ते जेझुइटांनी. त्यांनी बाहेरच्या मुलांसाठी मेसिना इथे १५४८ साली शाळा काढली आणि १५९९ मध्ये सगळ्या शाळांसाठी एकच अभ्यासक्रम व शिस्त ठरवून दिली: वर्गवार मुलं, ठरलेली पुस्तकं, स्पर्धा, बक्षिसं, नाटकं. आज आपण ज्याला इयत्ता म्हणतो तिच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा आहे. ही यंत्रणा गोव्यात तिच्या आरंभापासूनच होती. सोळाव्या शतकाच्या मध्यावर जुन्या गोव्याचं सेंट पॉल कॉलेज त्यांच्या हातात आलं, आणि १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना तिथेच उभा राहिला. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत रचलेलं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापलं गेलं. युरोपच्या शाळेत लॅटिन काव्यशास्त्र घोटलेल्या माणसाने मराठीचं कौतुक करताना ती कोणत्या कानाने ऐकली असेल, ते त्याच्या शिक्षणाकडे पाहिल्यावर जास्त उमगतं.

मग येतो यान आमोस कोमेन्स्की, ज्याला आपण कोमेनियस म्हणतो. त्याच्याबद्दल मला तटस्थपणे लिहिता येत नाही आणि मी तसा प्रयत्नही केलेला नाही. १५९२ मध्ये मोराव्हियात जन्म. तीस वर्षांच्या युद्धात आपल्या छोट्या प्रॉटेस्टंट पंथासह परागंदा. १६२२ मध्ये बायको आणि दोन मुलं साथीत गेली. पोलंडमधल्या लेश्नो गावात आसरा घेतला, तर १६५६ मध्ये ते गावही जळालं आणि त्याबरोबर कित्येक वर्षांच्या कामाची हस्तलिखितं राख झाली. असा माणूस लिहीत होता काय? की श्रीमंत-गरीब, मुलगे-मुली, शहरातले-खेड्यातले सगळे एकाच शाळेत शिकले पाहिजेत; आधी वस्तू दाखवा, मग शब्द सांगा; आधी मायबोली, मग लॅटिन. १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला त्याचं चित्रांचं पुस्तक निघालं. प्रत्येक पानावर एक चित्र, चित्रातल्या गोष्टींना आकडे, आणि खाली दोन भाषांत त्या गोष्टींची नावं: बेकरी, शेत, छापखाना, मधमाश्या, ग्रहण. मुलांसाठी मुद्दाम केलेलं असं सचित्र पुस्तक युरोपने त्याआधी जवळजवळ पाहिलं नव्हतं, आणि ते पुढे दोन शतकं छापलं जात राहिलं. लॅटिन शिकवण्याची सोय म्हणून शाळांनी ते घेतलं. मुलांनी त्यात जग पाहिलं.

राजे शाळांकडे वळले ते वेगळ्या कारणाने. सात वर्षांचं युद्ध संपलं त्याच वर्षी, १७६३ च्या ऑगस्टमध्ये, प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने खेड्यांतल्या शाळांसाठी नियमावली काढली. योहान हेकर या पाद्र्याने तिचा मसुदा केला होता. पाचव्या वर्षापासून तेराव्या-चौदाव्यापर्यंत मुलांना शाळेत पाठवा, नाहीतर दंड भरा. कायदा चोख होता, गावं तशी नव्हती. उन्हाळ्यात पोरं गुरांमागे असत म्हणून शाळेचे तास कमी करावे लागत. मास्तर म्हणजे बहुधा शिंपी. दिवसभर सुई चालवता चालवता धडे ऐकून घेणारा. १७७९ मध्ये तर राजाने लढाईत जायबंदी झालेले सैनिक मास्तर म्हणून नेमायला सांगितलं. त्याच वर्षी त्याने आपल्या मंत्र्याला जे लिहिलं त्याचा आशय असा की खेड्यातल्या लोकांना थोडं वाचणं-लिहिणं पुरे. जास्त कळायला लागलं तर ते शहरात पळतील आणि कारकून होऊ पाहतील. ऑस्ट्रियात मारिया थेरेसाने १७७४ साली सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी शाळांचा कायदा केला आणि त्यासाठी फेल्बिगर हा मठाधिपती चक्क आपल्या वैऱ्याच्या, फ्रेडरिकच्या, राज्यातून मागून आणला. पोलंडने १७७३ मध्ये, जेझुइट संघ बरखास्त झाल्यावर, त्यांच्या मालमत्तेच्या जोरावर राष्ट्रीय शिक्षण आयोग नेमला. युरोपातलं पहिलं शिक्षणमंत्रालय म्हणतात ते हेच.

प्रशियाच्या कहाणीचा पुढचा भाग मात्र अधिक शिकवून जातो. पन्नाससाठ वर्षांत शिक्षकांची प्रशिक्षण महाविद्यालयं उभी राहिली, शिंप्याच्या जागी शिकलेला मास्तर आला, आणि १८४८ ची क्रांती झाली तेव्हा राजाने तिचं खापर याच मास्तरांवर फोडलं. १८५१ मध्ये फ्रोबेलच्या बालोद्यानांवर बंदी आली. लहान मुलांनी लाकडी ठोकळे आणि चेंडू घेऊन खेळणं सरकारला नास्तिकपणाचं आणि धोक्याचं वाटलं. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० साली. १८५४ मध्ये नियम करून प्रशिक्षण घेणाऱ्या मास्तरांचं वाचनही आखून दिलं गेलं. आज्ञाधारक प्रजेसाठी काढलेल्या शाळेतून वर्तमानपत्र वाचणारी प्रजा निघाली होती, आणि तिला परत आत ढकलता येत नव्हतं.

इंग्लंडचं प्रकरण सर्वांत लांब झालं आहे, कारण ते आपल्याशी गुंतलेलं आहे. १७८९ पासून मद्रासच्या एग्मोर भागातल्या अनाथाश्रमाचा कारभार अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे होता. जवळच्या एका देशी शाळेत त्याने मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं. त्याच्या पगारी शिक्षकांनी ही रीत वापरायला नकार दिला, तेव्हा त्याने एका मोठ्या मुलालाच लहानांना शिकवायला बसवलं, आणि काम झालं. १७९७ मध्ये लंडनला त्याने यावर पुस्तिका छापली. तिकडे जोसेफ लँकेस्टरनेही अशीच शाळा १७९८ मध्ये लंडनच्या गरीब वस्तीत काढली होती. एक मास्तर, त्याच्या हाताखाली मोठी मुलं, आणि एका दालनात शेकडो विद्यार्थी. गरिबांना स्वस्तात शिकवण्याची ही युक्ती अधिकृत चर्च आणि त्याबाहेरचे प्रॉटेस्टंट पंथ या दोन्ही धार्मिक गटांनी उचलली आणि तिच्या नावाखाली एकमेकांशी पन्नास वर्षं भांडत राहिले. सरकार शाळा का काढत नव्हतं, याचं निम्मं उत्तर या भांडणात आहे: कोणत्या चर्चचा धर्म शिकवायचा हे ठरत नव्हतं. सरकारने पहिल्यांदा पैसे दिले १८३३ मध्ये, २० हजार पौंड. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने कापडगिरणीतल्या नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना रोज दोन तास शाळा ठरवून दिली. तपासनीस गेले तेव्हा त्यांना असेही मास्तर भेटले जे मुलांच्या हजेरीच्या दाखल्यावर सहीऐवजी फुली मारत.

१८६२ मध्ये नवा नियम आला. शाळेचं बहुतेक अनुदान ठरणार ते वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनीसापुढे प्रत्येक मूल वाचन, लेखन, गणित यांत पास होतं का यावर. प्रत्येक विषयातल्या नापासाला शिलिंग-पेन्समध्ये कपात ठरलेली. परिणाम ठरलेलाच होता. मास्तरांनी वर्षभर एकच पुस्तक घोटून घेतलं, मुलं पुस्तक हातात उलटं धरूनही धडा म्हणून दाखवू लागली. कवी मॅथ्यू अर्नल्ड तेव्हा शाळा तपासनीस होता आणि त्याने या पद्धतीला आपल्या अहवालांतून सातत्याने विरोध केला. हाच ‘निकालाप्रमाणे पैसे’ देण्याचा प्रकार मुंबई इलाख्यातही आला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं, आणि त्याच निवेदनात सांगितलं की जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही अशा गरीब लोकांसाठी ही निकालाची पद्धत कामाची नाही. तिच्यावर पोट भरणार नाही म्हणून कोणी मास्तर शाळाच काढणार नाही. लंडनच्या गरीब वस्तीतले शिक्षक आणि पुण्याचे जोतीराव एकाच वेळी एकाच नियमाविरुद्ध बोलत होते. त्यांना एकमेकांची नावंही माहीत नसतील. इंग्लंडने ती पद्धत १८९० च्या दशकात टाकून दिली. तोवर १८८० मध्ये दहाव्या वर्षापर्यंत सक्ती आली होती आणि १८९१ मध्ये बहुतेक शाळांतली फी गेली होती.

फ्रान्समध्ये ज्यूल फेरीच्या कायद्यांनी १८८१ मध्ये प्राथमिक शाळा मोफत केल्या, १८८२ मध्ये सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना सक्तीच्या आणि धर्मापासून वेगळ्या. गावच्या पाद्र्यासमोर प्रजासत्ताकाचा मास्तर उभा राहिला. हे मोठं काम होतं, आणि त्याची किंमतही मोठी होती. ब्रिटनीतल्या मुलाच्या तोंडून ब्रेतोन शब्द निघाला की मास्तर त्याच्या गळ्यात एक लाकडी खूण अडकवायचा. ते मूल ती दुसऱ्या कोणाला बोलताना पकडून त्याच्या गळ्यात घालेपर्यंत सुटत नसे, आणि संध्याकाळी ज्याच्याकडे खूण त्याला शिक्षा. वेल्समध्ये हीच रीत होती. वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पट्टी. लंडनमध्ये तसा कायदा कोणी केला नव्हता. गावच्या मास्तरांनीच ती लावली, आणि पुष्कळ आईबापांची तिला संमती होती, कारण इंग्रजी आलं तर पोराला नोकरी लागेल. मुलाला मुलाचा पहारेकरी करणारी ही शिक्षा मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत क्रूर वाटते. छडीचा वळ जातो. आपल्या आईच्या भाषेची लाज मात्र पुढच्या पिढीत उतरते.

सगळीकडे मुलांनी ही लाज मान्य केली नाही. पोलंडचा पश्चिम भाग प्रशियाकडे असताना, १९०१ च्या मे महिन्यात, व्झेश्न्या गावच्या शाळेतल्या मुलांनी धर्माच्या तासाला जर्मनमधून उत्तरं द्यायला नकार दिला. त्यांना मारण्यात आलं. रडण्याचे आवाज ऐकून आईबाप शाळेबाहेर जमले, आणि तुरुंगात गेले ते हे आईबाप. पाच वर्षांनी असाच संप त्या प्रांतातल्या शेकडो शाळांत पसरला.

मुलींच्या शिक्षणाला या पुस्तकात वेगळं प्रकरण नाही, त्या सगळ्या प्रकरणांतून येतात. इथे एवढंच नोंदवतो की ज्या युरोपकडे आपले सुधारक बोट दाखवत होते, तो स्वतःही फार पुढे नव्हता. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, कारण बायकांना पदव्या द्यायला ऑक्सफर्डने १९२० पर्यंत वेळ घेतला. केंब्रिजने १९४८ पर्यंत घेतला. पुण्याच्या कॉलेजने आणि मुंबई विद्यापीठाने त्यांना त्याआधीच पदवीधर केलेलं होतं.

मूल काय आहे, त्याला काय हवं आहे, हा प्रश्न या इतिहासात उशिराच येतो, आणि येतो तो बहुतेक वेळा मोडक्या घरांतून. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने स्वित्झर्लंडचं स्टान्स गाव उद्ध्वस्त केलं. पुढल्या वर्षाच्या सुरुवातीला पेस्टालॉझीने तिथल्या मठाच्या इमारतीत ऐंशीएक अनाथ मुलं गोळा केली. तो त्यांच्यात झोपायचा, त्यांची खरूज धुवायचा, आणि शिकवायचा. सहा महिन्यांत सैन्याने जागा परत घेतली. पण त्या सहा महिन्यांत जे त्याच्या लक्षात आलं त्यावर त्याचं उरलेलं आयुष्य चाललं. १९०७ च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह उघडलं, त्यामागेही एक व्यावहारिक गरज होती. चाळी दुरुस्त करणाऱ्या कंपनीला भिंती आणि जिने खराब करणारी, दिवसभर मोकळी फिरणारी पोरं कुठेतरी बसवायची होती. कंपनीला भिंती वाचवायच्या होत्या. माँटेसरींनी तिथे पाहिलं की तीनचार वर्षांचं मूल स्वतःहून, कोणी न सांगता, अर्धाअर्धा तास एकाच कामात बुडून जातं. त्यांचा हा विचार महाराष्ट्रात आला, आणि ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीत, नंतर कोसबाडला, अनुताई वाघांसह तो पार बदलून टाकला. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं आली, आणि मुलं शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. माझ्या मते या विचाराच्या जगभरच्या प्रवासातला हा फार महत्त्वाचा टप्पा आहे, आणि युरोपातल्या ग्रंथांत त्याला क्वचितच जागा मिळते.

विसाव्या शतकाचा उत्तरार्ध मी थोडक्यात आटोपला आहे. त्यातला मूळ वाद एकच आहे: मुलांना वेगळं कधी काढायचं? इंग्लंडने १९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केलं, आणि अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं वेगवेगळ्या शाळांत वाटली. फिनलंडने १९६८ मध्ये सर्वांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा ठरवली आणि ती १९७२ मध्ये लॅपलंडपासून, म्हणजे सर्वांत दूरच्या टोकापासून, सुरू केली. राजधानीच्या भागात ती पोचली १९७७ साली. कोणापासून सुरुवात करायची याचा हा निर्णय मला मूळ कायद्याइतकाच मोलाचा वाटतो.

शेवटचं प्रकरण टस्कनीतल्या बार्बियाना या डोंगरी वस्तीवर आहे. वरिष्ठांना अडचणीचा वाटणारा लोरेन्झो मिलानी नावाचा पाद्री १९५४ मध्ये तिथे पाठवला गेला. त्याने सरकारी शाळेने नापास केलेली शेतकऱ्यांची मुलं गोळा करून वर्षाचे सगळे दिवस चालणारी शाळा काढली. तिथे वर्तमानपत्र वाचून घेतलं जाई आणि मोठी मुलं लहानांना शिकवत. १९६७ मध्ये तिथल्या आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तकभर पत्र लिहिलं. इटलीत चौदाव्या वर्षापर्यंतची सर्वांसाठीची शाळा तेव्हा नुकतीच कायद्याने आली होती. या मुलांनी आकडे जमवले, तक्ते केले, आणि दाखवून दिलं की नापास होऊन बाहेर पडणारी मुलं कोणाची आहेत. त्याचा मराठी अनुवादही झालेला आहे. पत्र प्रसिद्ध झालं आणि त्या जूनमध्ये मिलानी वारला. ज्यांच्यासाठी शाळा काढली असं हजारभर वर्षं सांगितलं जात होतं, त्यांनीच इथे शाळेचा हिशेब मांडला. म्हणून पुस्तक तिथे थांबवलं आहे.

दोन गोष्टींची कल्पना वाचकाला आधी द्यायला हवी. विद्यापीठांचा इतिहास यात जवळजवळ नाही. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्या दारापर्यंत पोचणारी मुलं फार थोडी होती. रशिया आणि बाल्कन प्रदेश यांचीही दखल थोडकीच आहे, त्यांना न्याय द्यायचा तर वेगळं पुस्तक लागेल. व्यक्तींची आणि गावांची नावं त्या त्या भाषेतल्या उच्चाराजवळ ठेवली आहेत. जी मराठीत रुळली आहेत, ती मात्र तशीच राहू दिली आहेत. प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. शिक्षक असाल तर स्वीडनपासून सुरुवात करा, कारण तिथे शाळाच नव्हती.